पहिले हजार किलोमीटर

३ फेब्रुवारी

आवाज येतोय. टाकीच्या खाली, डावीकडे. टक् — मग काही नाही — मग टक् टक्. फक्त चौथ्या गिअरमध्ये. मोटरसायकल घेऊन आज नववा दिवस.

तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांपाशी काढली. बेअरिंग जाणार असलं तर मला दोन दिवस आधी कळतं. हा कानांचा खेळ नाही!

४ फेब्रुवारी

सकाळी नव्हता. पाळी सुटल्यावर परतताना पुन्हा.

६ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये नेली. मिस्त्रीने जागेवरच रेस केली, मान तिरकी करून ऐकलं. "काही नाही काका. नवी नवरी आहे, बांगड्या वाजायच्याच." बाकीचे हसले. मीही हसलो. नको होतं हसायला.

उभ्या गाडीत आवाज येतच नाही, हे सांगायचं राहिलं.

८ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. आठ वर्षांत तिसरा. महिनाअखेरीला ती आणि दादा लेकीकडे चाललीत, परदेशी. कायमचं. घर विकलं.

"भावजी, मोटरसायकल घेतलीत म्हणे? मग या की एकदा. हे तोंडाने म्हणायचे नाहीत. पण आलात तर हाकलूनही देणार नाहीत."

मागून दादाचा आवाज — कोणाशी बोलतेस? ती म्हणाली, "दूधवाल्याशी."

येतो म्हणालो. कधी? म्हटलं, पहिले हजार किलोमीटर होऊ देत. पुस्तिकेत लिहिलंय — तोवर लांबचा प्रवास टाळा, पन्नासच्या वर नेऊ नका. दादाचं घर एकशे दहा किलोमीटरवर. वाटेत घाट.

पुस्तिकेत तसं लिहिलंय, हे खरं आहे.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. आई गेली त्या दिवशी माझी जुनी स्कूटर बंद पडली होती. खरोखर पडली होती. चार किलोमीटर ढकलत नेली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा अंगणात, सगळ्यांदेखत — "याचं हे नेहमीचंच. यायचं नसलं की गाडी बंद पडते."

वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला. तो न घेताच मागे फिरलो. तो दिवस आणि आजचा.

म्हणून तर कोरी करकरीत घेतली! बंद पडणार नाही अशी.

आणि आता हा आवाज.

१३ फेब्रुवारी

तलावाभोवतीचा रस्ता अकरा किलोमीटरचा. पाळी सुटली की पाच फेऱ्या. चौथा गिअर, वेग पंचवीस. सायकलवाली पोरं मागे वळून बघत पुढे जातात. बाकावर एक म्हातारे मास्तर बसतात. आज हात दाखवून थांबवलं — "काही हरवलंय का हो तुमचं?"

काटा चारशे दहावर.

१४ फेब्रुवारी

पाच फेऱ्यांत एकवीस वेळा.

१७ फेब्रुवारी

साप्ताहिक सुट्टी. गाडी धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं. संध्याकाळी लक्षात आलं — दिवसभरात तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नाही. "बरी आहेस ना?" असं गाडीला विचारलं. घसा बसल्यासारखा निघाला आवाज.

२० फेब्रुवारी

पुन्हा वर्कशॉप. "काय काका, सासुरवाडी केलीत का आमची? सारखे येताय!" मी म्हटलं, उभ्याने ऐकू नकोस, मागे बस. बसला बिचारा. एखादा किलोमीटर गेलो असू. त्याने खांद्यावर थाप मारली.

"आला ना?"

"आला."

इतकं बरं वाटलं! निदान कोणीतरी ऐकला.

"गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही हिला चौथ्यात पंचवीसने चालवताय. गुदमरतेय ती. जपून जपून जीव घ्याल काका! तिसऱ्यात टाका."

टाकली. आवाज गेला. एकदम गेला. वीस दिवस मीच तो काढत होतो — मी, पंपवाला!

मग त्याने काट्याकडे पाहिलं. "सातशे ऐंशी? एवढे जाऊन तरी कुठे आलात?"

कुठेच नाही, म्हटलं. त्याला थट्टा वाटली.

२४ फेब्रुवारी

हजार झाले. तलावापाशी थांबून आकडा फिरताना पाहिला. आवाज नाही. थरथर नाही. तेलाचा एक थेंब कुठे नाही.

आता सांगायला काही उरलं नाही. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी

रजेचा अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, कुठे जाणार? म्हटलं, भावाकडे.

"तुम्हाला भाऊ आहे?"

२६ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. सामान गेलं, दोन खुर्च्या उरल्यात. परवा पहाटे निघणार. "आता तुमचं तुम्ही बघा भावजी." ठेवलाच तिने.

२७ फेब्रुवारी, दुपार

घाट एका दमात चढली. वाटेत कुठेही कुरकुर नाही. दादाच्या घरापासून तीन किलोमीटरवर थांबलोय. पुलाच्या कठड्यावर बसून लिहितोय. येऊन पाऊण तास झाला.

फोन लावला. दादानेच उचलला. म्हटलं, "दादा, मी. इकडेच येत होतो. पुलापाशी आहे — गाडी बंद पडली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग — "हलू नकोस तिथून. निघालोच."

गाडीला काहीही झालेलं नाही.