तुळसकरांच्या बोळाची वाटणी

मी वनमाला, कै. सीताराम तुळसकर यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मुलुंड पश्चिम, आग्रा रोडच्या आतल्या बाजूस, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय करून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. चिरंजीवांना शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे तो पाहावा. उजव्या डोळ्याने कमी दिसते, पण जे पाहायचे ते डाव्याने पाहून झाले आहे. मजकूर मी सांगितला व वकील श्यामकांत प्रधान यांनी उतरवला. "आजी, हे कायद्यात बसत नाही," असे ते मधूनमधून म्हणाले. जे बसत नाही तेही लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे.

एक. माझे यजमान गिरणीत जॉबर होते. मुलुंडला गुडघाभर गवत होते तेव्हा त्यांनी ही जागा घेतली व घर बांधताना एका अंगाला बोळ मोकळा सोडला. मागच्या चाळीतली माणसे त्या बोळातून थेट बाजारात व शाळेत जात, त्यांना आग्रा रोडवर पाऊल ठेवावे लागत नसे. बोळातल्या फरशा यजमानांनी रविवारी सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवल्या. यजमान गेल्यावर माझ्यात व चिरंजीव चंद्रप्रकाश यांच्यात रीतसर वाटणी झाली. घराच्या दोन खोल्या त्याला, दोन मला. बोळ कोणा एकाकडे जाऊ नये असा हट्ट मी धरला, म्हणून सर्व्हेअरने त्याच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीत रेघ ओढली. घराकडचा अर्धा बोळ माझा, पलीकडच्या कुंपणालगतचा अर्धा त्याचा. तेव्हा सगळे हसले होते.

दोन. माझ्या दोन खोल्या, पोस्टातली शिल्लक व तांब्याचा बंब मी माझी भाची मीरा हिला देते. माझ्या आजारपणात तिने माझे सगळे केले. चिरंजीवांना मी काही देत नाही. त्यांचा वाटा त्यांना मिळालेला आहे व माझ्या वाट्याचेही पुष्कळ त्यांनी न विचारता घेतले आहे.

तीन. कुंपणापलीकडे राहणाऱ्या श्रीमती नलिनी सामंत यांना मी एक सुंभाची दोरी देते. कारण सांगते.

आमच्या भागात जुनी रीत आहे. ज्याच्या खाजगी जागेतून लोक जा-ये करतात, तो वर्षातून एक दिवस आडवी दोरी बांधून वाट बंद ठेवतो. म्हणजे पुढे कोणी म्हणू शकत नाही की ही वाट आमच्या हक्काची झाली. यजमानांनाही एका वकिलाने हा सल्ला दिला होता. घरी येऊन ते मला म्हणाले, "दोरी बांधूक नको. वाट चलणाऱ्याची आसता." त्यांनी कधी बांधली नाही. त्यांच्या मागे मीही बांधली नाही.

दरवर्षी गणपतीला मी गावी जाते. कोकणातला माणूस दुसरे काय करणार? घराची किल्ली नलिनीकडे, तुळशीला पाणी घालायचे नलिनीने. तिची बाळंतपणे मी काढली, माझ्या यजमानांच्या दहाव्याला तिने चूल सांभाळली. सख्ख्या बहिणीवर टाकला नसेल इतका विश्वास मी तिच्यावर टाकला.

परवाच्या साली मी डोळ्याच्या ऑपरेशनला इस्पितळात होते. परत आले तर बोळाला लोखंडी गेट, गेटला कुलूप आणि आत चिरंजीवांची नवी मारुती. मी कुलूप तोडवले की तो दुसरे लावतो. चाळीतली पोरे आग्रा रोडवरून ट्रकच्या कडेकडेने शाळेत जाऊ लागली. तिथे फुटपाथ नाही, गटारावरच्या लाद्या आहेत, त्याही मधूनमधून. पहिल्याच पावसाळ्यात चाळीतल्या भाऊराव तायडे यांची शकू टेम्पोचा धक्का लागून पडली व तिचा हात मोडला. मी चिरंजीवांना सांगायला गेले. तो म्हणाला, "आई, फुटपाथ बांधणं सरकारचं काम आहे ना? माझ्या गाडीने काय केलं?"

भाऊराव टेलिफोन खात्यात आहेत. त्यांनी चाळीच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज केला, की हा बोळ कायमची पायवाट म्हणून नोंदवा. सुनावणीला मी चाळीच्या बाजूने बसले व चिरंजीव समोर. साहेबांनी विचारले, "आजी, वाट कधी एक दिवस तरी बंद असायची?" मी म्हटले, "कधीच नाही." तेवढ्यात मागून नलिनी उठली.

"असायची, साहेब. दर ऋषिपंचमीला. मीच दोरी बांधायचे. चंदूने सांगितलं होतं."

वर्षानुवर्षे, मी गावी गणपतीपुढे हात जोडून बसलेली असताना, माझ्या घराची किल्ली कनवटीला लावून ती माझ्या बोळाला दोरी बांधत होती. भाऊराव मला म्हणाले, "दोरी आम्ही पाहिली होती, मावशी. तिच्यावर यांची साडी वाळत असायची. आम्ही वाकून जायचो." वाकून गेले तरी दोरी ती दोरीच, असे ठरले व अर्ज निकालात निघाला.

जिन्यात मी तिला गाठले. "नले, काय केलंस गं हे?"

"बिल्डर बांधणार आहे ना इथे. बोळातून गाड्या जाणार. माझ्या बाळाला खाली गाळा मिळतोय," ती म्हणाली. "तुझं काय वनू, तू आज आहेस, उद्या नाहीस."

खरे आहे. म्हणूनच हे लिहून ठेवत आहे. मुलगा फिरला ते मी पचवले, पोटचे पोर आईला गृहीतच धरते. नलिनीचे पचले नाही, अजून पचत नाही. ती दोरी मीराने तिच्या परसातून मागून आणली व माझ्या ट्रंकेत आहे. मीराने ती नलिनीच्या हातात द्यावी व एक शब्दही बोलू नये. साडी वाळत घालायला उपयोगी पडेल.

चार. आता मुख्य गोष्ट. वाटणीपत्र काढून श्यामकांतरावांनी मला ती मधली रेघ दाखवली, तेव्हा मला कितीतरी महिन्यांनी हसू आले. माझ्या मालकीचा अर्धा बोळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी महापालिकेस देते, तो पायी चालणाऱ्यांसाठीच ठेवावा या अटीवर. त्यांनी न घेतल्यास तो मीराकडे राहील व अट तीच राहील. सायकल हातात धरून नेण्यास हरकत नाही. राहिलेल्या अर्ध्यात चिरंजीवांनी खुशाल गाडी घालावी. मारुती लहान गाडी म्हणतात, पण इतकी लहान नाही. बिल्डरलाही हे कलम वाचून दाखवावे.

पाच. यजमानांची पहार, घमेले व थापी भाऊराव तायडे यांना द्यावी असे मी सांगितले होते. पण वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी विचारले, मग त्या बोळातून चालणारा प्रत्येकजण लाभार्थी झाला, साक्षीदार काय ठाण्याहून आणू? तेव्हा भाऊराव म्हणाले, "मला अवजारं नकोत, मावशी. मी सही करतो." त्यामुळे अवजारे मीराकडे राहतील. फरशी हलली की तिने ती भाऊरावांना वापरायला द्यावीत.

सहा. हे कलम कायद्यात बसत नाही. मला आग्रा रोडने नेऊ नये. बोळातून न्यावे. पण तिरडीला दोन माणसे पुढे व दोन मागे लागतात आणि माझ्या अर्ध्यात दोघे शेजारी शेजारी मावत नाहीत. तेव्हा चिरंजीवांनी त्या दिवशी गाडी बाहेर काढावी व आपला अर्धा बोळ मला द्यावा. हा हुकूम नाही, मागणे आहे. याच फरशांवर माझे बोट धरून तो पहिल्यांदा चालला होता. पुढच्या उजव्या बाजूला त्यानेच खांदा द्यावा.

त्याने गेट उघडले नाही तर मला घरातच ठेवावे. तो उघडेपर्यंत मी थांबते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

मुलुंड, दि. ११ ऑक्टोबर १९८७

सही : वनमाला सीताराम तुळसकर

आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. भाऊराव दादू तायडे, मागची चाळ. आग्रा रोडने आलो.
२. डॉ. कमल विनायक रेगे, मुलुंड पश्चिम. मीही.