माझं ऑब्जेक्ट आणि केयूरचं नाक

सोमवार, ५ मे
आजपासून ऑफिसात हात उचलायचा नाही. तसा मी शांतच माणूस. गेल्या महिन्यात फुटलेला माउस आधीच सैल होता.
नवीन लागलेली समीक्षा मला शिकवते: सर, प्रोग्रॅममधलं ऑब्जेक्ट आपण बनवायचं नसतं, फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा ते बनवतो आणि त्याच्या आत जे लागतं तेही तोच भरतो. बारा वर्षं जावात प्रोग्रॅम लिहितोय. माझं ऑब्जेक्ट मीच बनवणार, 'न्यू' लिहून.
शुक्रवारी क्लायंटला डेमो. झकास होणार.

मंगळवार, ६ मे
ॲप चालू होतं. बुकिंगचं बटण दाबलं की मरतं. एरर म्हणते, आतला डेटाबेसचा भाग 'नल', म्हणजे रिकामा. डेटाबेस केयूर बघतो, म्हणजे चूक त्याची. शांतपणे विचारलं. कॉलर धरली, पण नीट ऐकू यावं म्हणून.

बुधवार, ७ मे
अजून नल. कीबोर्ड आपटला. सात बटणं उडाली, एक समीक्षाच्या डब्यातल्या सुकटीत. तिने न बोलता काढून टाकलं. याला आदर म्हणतात.

गुरुवार, ८ मे, ४.१०
केयूर सगळ्यांसमोर म्हणाला, "तू स्वतः न्यू केलंस तर फ्रेमवर्कला पत्ताच नाही. मग आत भरणार कोण, तुझा बाप?"
ठोसा त्याच्या नाकावर बसला. रक्त व्हाइटबोर्डपर्यंत. त्याने मला उचलून प्रिंटरवर आदळलं. मी खुर्ची फेकली, ती काचेच्या दाराला लागली. नंतर मी त्याच काचेत पडलो. मनगट गेलं.
एकंदरीत मीच जिंकलो.

शुक्रवार, ९ मे, सकाळी
घाटकोपर, घरी. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने लिहितोय. माझ्याशिवाय डेमो अशक्य. अकरापर्यंत फोन येईल. केयूरला माफ करायचं ठरवलंय. माफी त्याने आधी मागायची.

दुपारी, १२.४०
शेवटी मीच समीक्षाला फोन केला. डेमो झाला म्हणे, क्लायंट खूश. तिने माझी न्यूची ओळ काढली आणि ऑब्जेक्ट फ्रेमवर्ककडून घेतलं. दोन मिनिटांचं काम. केयूरने नाकाला पट्टी लावून सगळं दाखवलं.
माझं नाव निघालं का, विचारलं.
"सर, तुमची बॅग खाली सिक्युरिटीकडे ठेवलीय. वर नका येऊ."
बरं म्हणालो.