मुक्बिलला काय हवं

चिरंजीव नशवान,

तुला अवदकाकाचा सलाम आणि भरपूर आशीर्वाद. तू, सूनबाई आणि लेकरं खुशाल असाल, तिकडची थंडी सोसवत असेल, असं धरून चालतो. इकडे एडनमध्ये उकाडा आहे, वीज नाही, आणि माझा गुडघा होता तसाच दुखतो (तू विचारलं नव्हतंस, पण विचारणार होतास असंही धरतो). पत्र लिहायचं कारण, फोनवर तू मध्येच "काका, गिऱ्हाईक आलं" म्हणून ठेवून देतोस, आणि मला सांगायचं आहे ते एका गिऱ्हाइकाबद्दलच आहे.

तुझा बाप माझ्या चहाच्या दुकानात पाऊल टाकत नाही. आणि ते तुझ्यामुळे.

तुझ्या डियरबॉर्नच्या कॉफीच्या दुकानात गादीच्या खुर्च्या आहेत, तेव्हा तुला धंद्यातलं कळत असणार, असं मला वाटलं. तू सांगितलंस, काका, माणसं चहासाठी येत नाहीत, वागणुकीसाठी येतात. हसून स्वागत करा, काय आणू ते अदबीनं विचारा. समोरच्या चहावाल्या सालमीननं नव्या खुर्च्या आणल्यापासून मी जरा धास्तावलोच होतो, म्हटलं करून बघू. पहिलं हसू मासळीबाजारातल्या एका हमालाच्या वाट्याला आलं. त्यानं विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्याला वाटलं, मी चहाचा भाव वाढवला (वाढवायचा होता, पण त्या दिवशी नाही).

मग तुझा बाप आला. एरवी मुक्बिल कोपऱ्यावर दिसला की मी पातेल्याखालचा जाळ वाढवतो, दुधाचा चहा, वेलची जास्त, साखर नाही, असा ग्लास भरतो आणि तो टेकायच्या आत म्हणतो, "आलास? मला वाटलं मेलास." तो म्हणतो, "तुझा चहा पिऊन मरण येत नाही, नुसती मळमळ होते." एवढं झालं की आम्हा दोघांचा दिवस सुरू होतो. तू अमेरिकेला गेलास त्या दिवशी विमानतळावरून तो थेट इथंच आला होता, आणि तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. त्या सकाळी मात्र खांद्यावर फडका टाकून, मान लववून मी म्हणालो, "या साहेब. आज आपण काय घेणार?" मुक्बिलनं मागं वळून पाहिलं, कोणी मोठा माणूस आलाय का म्हणून. मागं कोणी नव्हतं. मग त्यानं काठी उचलली आणि रस्ता ओलांडून सालमीनकडे जाऊन बसला.

सालमीन साखर अशी घालतो की चमचा उभा राहावा. डॉक्टरांनी तुझ्या बापाची साखर बंद केली आहे, हे तुला ठाऊक असेल (नसेल तर आता झालं). तो रोज माझ्याकडे तोंड करून बसायचा आणि तो पाक घोट घोट प्यायचा. मला आधी राग आला, मग भीती वाटली. शेवटी मानापमान खुंटीला टांगून मी रस्ता ओलांडला. मी भांडायला आलोय असं वाटून सालमीननं उकळतं पातेलं बाजूला सरकवलं. मी म्हटलं, "ह्याला साखर घालू नकोस. वेलची जास्त. आणि विचारू नकोस, नुसता समोर ठेव."

सालमीन म्हणाला, "स्वतःचं गिऱ्हाईक माझ्या हवाली करतोस? ऊन लागलं का तुला?"

आता तिथं त्याला अगदी हवा तसा चहा मिळतो, म्हणजे परत यायला कारणच उरलं नाही. तुझ्या शिकवणीनं मी आयुष्यातली सर्वांत चांगली सेवा केली, ती समोरच्याच्या दुकानात.

असो. धंदा सांभाळ, अंगावर गरम कपडे घाल. सूनबाईंना सलाम सांग.

तुझा,
अवदकाका

ता. क. मी सालमीनकडे गेलो तेव्हा मुक्बिल काय बोलला ते लिहायचं टाळत होतो. ग्लासाकडे बघत म्हणाला, "अवद, नशवान दर शुक्रवारी फोन करतो. पहिलंच वाक्य, बाबा, काय हवं? मी म्हणतो, काही नको. मग तो ठेवतो. काय हवं असं कोणी विचारत नाही, अशी मला एकच जागा उरली होती." तेव्हा या शुक्रवारी ते विचारू नकोस. भांड, त्याच्या काठीची चेष्टा कर. जमलं तर येऊन शेजारी बस.

ता. क. आणखी एक. आत्ताच तो आला आणि आपल्या जागेवर बसला. मी म्हटलं, "आलास? मला वाटलं मेलास." म्हणाला, "सालमीनच्या चहानं मळमळत नाही. करमेना." मग पत्र कुणाला म्हणून विचारलं. तुला, म्हटल्यावर ग्लास संपवला आणि म्हणाला, "लिही त्याला, मला काही नको."

लिहिलं. तू विश्वास ठेवू नकोस.