गाडीच्या नाकाला ऊब

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. हा शब्द एरवी कागदावरच राहतो, पण गेले चार दिवस मी खरोखरच सगळी अंगं जमिनीला टेकून आहे. फरक इतकाच की पालथा नसून उताणा आहे, आणि वर देवाच्या जागी तुम्ही दिलेली गाडी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बंद आहे, कारण त्यातले सेल मी टीव्हीच्या रिमोटला घातले. रिमोट उत्तम चालतो. आमच्या घरात वस्तू मोडीत जात नाही, तिची फक्त बदली होते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

पत्राचं कारण गाडी. सोमवारी तुमची बहीण नोकरीवर रुजू होते आहे. बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवायचं काम. (इतकी वर्षं ती घरात सगळ्यांना फुकट शिकवत आली, मीही त्यात आलो; आता कुणीतरी तिला तसं रीतसर पत्र दिलं.) ती जागा गावाबाहेर आहे, तिकडे बस जात नाही, म्हणून तर तिने छप्पन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि तुम्ही तुमची जुनी गाडी तिला दिलीत. नेमणुकीचं ते पत्र तिने कपाटात साडीच्या घडीत ठेवलंय आणि दिवसातून दोनदा काढून वाचते. मी तिला शब्द दिलाय की सोमवारी सकाळी गाडी दारात तयार असेल. अडचण एवढीच की धुराचं प्रमाणपत्र संपलंय, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असेपर्यंत तपासणीवाला गाडीला हात लावायला तयार नाही. शनिवारी त्याचं दुकान बंद व्हायच्या आत दिवा विझला पाहिजे. आज गुरुवार. पण काळजीचं कारण नाही, काम माझ्याकडे आहे.

दिवा का पेटला ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही विचारणार आहात आणि वहिनी पुढचं पान उलटणार आहेत. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. तो म्हणजे गाडीचं नाक. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो हुंगतो आणि इंजिनाला कळवतो, मग इंजिन त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतं. पण हे नाक गरम झाल्याशिवाय त्याला वास येत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. तो हीटर आमच्या गाडीत पेटत नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही, खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याकडे दोष वाचायचं यंत्र आहे, त्याने तसं लिहून दाखवलं. अठ्ठावीस वर्षं मी लिफ्ट चालत्या ठेवल्या आहेत, दादा. वीज कुठे अडली हे मला वासावरून कळतं, मला हीटर लागत नाही.

गाडीची वीजही मला नवी नाही. गेल्या महिन्यात त्यातलं मोबाइल चार्जिंग बंद पडलं होतं, ते मी पाच मिनिटांत सुरू केलं. (फ्यूज उडाला होता. बॉनेटखालच्या पेटीत त्याच मापाचा एक फ्यूज नुसता बसून होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला कामाला लावला.) त्याच आठवड्यात हा पिवळा दिवा लागला. दोन्हींचा संबंध काही नाही, आपला हात कसा चालतो ते कळावं म्हणून सांगितलं.

आता थोडं मिस्त्रींविषयी. तुमचे वर्गमित्र आहेत, त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही, जे घडलं ते फक्त मांडतो. रविवारी गाडी त्यांच्या गॅरेजात नेली. त्यांनी सेन्सरची जोडणी सोडवली, एकाच रंगाच्या दोन वायरींना मीटर लावला, आकडा बघून म्हणाले की हीटर शाबूत आहे, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. इथपर्यंत माझं त्यांचं एकमत. मग त्यांनी विचारलं, गाडीत कुणी हात घातला होता का? मी ठामपणे नाही म्हणालो. परक्या कुणी घातलाच नव्हता. ते म्हणाले, मग आधी फ्यूजची पेटी बघू. मी म्हणालो, पेटीकडे वळायची गरज नाही, ती मी गेल्याच महिन्यात स्वतः पाहिली आहे, तुम्ही आपली वायर बघा. ते म्हणाले, बघायला काय जातंय? दादा, माणसाने एकदा सांगितल्यावर पुन्हा बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. मी तिथे उभ्या तीन गिऱ्हाइकांसमोर त्यांना सांगितलं की मागच्या सर्व्हिसिंगला तुम्हीच ती वायर कुठेतरी चेपलीत, आता फ्यूजच्या आड लपू नका. लिफ्टच्या कामावर असा माणूस मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, हात पुसले, जोडणी परत लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. बोलले असते तर बरं झालं असतं, मीही पुढे बोललो असतो. परत येताना तुमची बहीण गाडी चालवत होती. दारात पोचल्यावर म्हणाली, त्या माणसाने मला सहा महिने त्याच्या आवारात गाडी मागे घ्यायला शिकवली, हे तुम्हाला आठवत होतं का? आठवत होतं, पण तेव्हा नेमकं आठवलं नाही.

तेव्हापासून मी गाडीखाली आहे. सेन्सरपासून इंजिनापर्यंत वायरीवरची पट्टी वीतभर वीतभर सोडवत निघालोय. सोमवारी कोपर सोललं. मंगळवारी ग्रीस डोळ्यात गेलं. बुधवारी वायरीला एक जोड सापडला आणि मी आतूनच ओरडलो की सापडला चोर. (तो जोड कारखान्यातलाच निघाला, पण दोन तास फार छान गेले.) तुमच्या बहिणीने काल सहज विचारलं की मिस्त्री पेटी बघतो म्हणत होते, ती एकदा बघायची का? मी तिला शांतपणे समजावलं की दोष शोधायचं एक शास्त्र असतं, जे चांगलं आहे ते उघडायचं नसतं. तिने मान डोलावली. पटलं असावं.

थोडक्यात, विजय दृष्टिपथात आहे. वायरीचा शेवटचा हातभर भाग उरलाय, दोष तिथेच असणार, कारण दुसरीकडे तो नाही. उद्या सकाळी बाजारात जाऊन त्याच रंगाची वायर आणतो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, आणि त्याच्याबाबतीत दुसऱ्याचं मत घ्यायला लाजू नका.

तुमचा,
मेहुणा

ता. क. मिस्त्री माझा फोन उचलत नाहीत. तुम्ही त्यांना एक फोन कराल का? माफी वगैरे मागायची नाही, नुसतं विचारा की राग कितपत आहे. आणि बोलण्याच्या ओघात, ते शनिवारी मोकळे आहेत का, तेही विचारून ठेवा. मी दोषापर्यंत पोचलोच आहे, पण सोमवार तिचा आहे, माझा नाही.

ता. क. २. दादा, आता मी लिहितेय. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं. आज शुक्रवार. सकाळी हे वायर आणायला बाहेर पडले. रंग जुळेपर्यंत परत यायचे नाहीत, म्हणून मी फ्यूजची पेटी उघडली. झाकणावर नकाशा छापलेला असतो, त्यावरून एकेकाची हजेरी घेतली. एक गैरहजर. सेन्सरच्या हीटरचा फ्यूज. तो कुठे बदलून गेलाय ते तू वर वाचलंसच. मिस्त्रींना फोन केला, ते खिशात नवा फ्यूज घेऊनच आले. सोडलेली वायर त्यांनी बांधून दिली, टॅक्सीवाल्याच्या यंत्राने जुना दोष पुसला आणि दिवा विझला. मग मीच गाडी तपासणीला नेली. प्रमाणपत्र नेमणुकीच्या पत्राजवळ ठेवलंय.

हे अकराला परतले आणि थेट गाडीखाली शिरले. वायर कुणी बांधली विचारलं, तर लोंबत होती म्हणून बांधली एवढंच सांगितलं. दिवा आत असतो आणि हे खाली, त्यामुळे यांना अजून पत्ता नाही. संध्याकाळी सांगेन. चार दिवस माझ्या सोमवारसाठी कोपरं सोलून घेतली रे यांनी, म्हणून रागावणार नाही. पण मिस्त्रींना तू फोन करू नकोस. त्यांच्या दारात यांनी स्वतःच जायचं, आणि तीन गिऱ्हाइकं हजर असताना.

तू फक्त यांना एवढं लिही, की घड्याळाचे सेल घड्याळात परत घाला. सोमवारी मला वेळेवर निघायचंय.