हिच्या जागी काहीच नको?

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"घ्यायचं तर सगळं घे, नाहीतर सगळं ठेव. निवडत बसू नकोस," असं तू मला म्हणाली होतीस. मी अकरा वर्षांची होते आणि तुझ्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून फक्त निळा स्वेटर ओढत होते. आठवतं?

गुडघा कसा आहे? "ठीक आहे" असं लिहू नकोस. जिना चढतेस का, ते लिही.

मी मजेत. ऑफिसात सध्या माझीच चलती आहे. आमचा प्रोग्राम मजकुराची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतो, हे तुला माहीत आहे. आता त्यात, केलेल्या बदलांतल्या हव्या तेवढ्याच ओळी निवडून नोंदवता येतात. ते लोकांना कळेल असं करणं हे माझं काम. चाचणीला आलेल्या भाषांतरकार बाई माउसवर हात ठेवून नुसत्याच बसल्या.

"काय अडलं?"

"ज्यावर खूण करणार नाही, ते पुसून टाकाल ना?"

"छे हो, ते तुमच्याकडेच राहील."

"मग तसं लिहा की! मला काय स्वप्न पडणार आहे?"

लिहिलं. बटणाखाली एक ओळ: 'न निवडलेल्या ओळी तुमच्याकडे जशाच्या तशा राहतील.' त्यानंतर तिथे कुणी अडलं नाही.

खरी गोम पुढे होती. बदललेली ओळ पडद्यावर दोनदा दिसते: जुनी लाल, काढायची, नवी हिरवी, घालायची. बाईंनी फक्त लालवर खूण केली. जुनी गेली, नवी आलीच नाही. आता मी ती जोडी कंसात बांधली आहे. नुसत्या लालवर खूण केली, की प्रोग्राम विचारतो, "हिच्या जागी काहीच नको?"

हा प्रश्न मी लिहिला आणि तो दोन दिवस मलाच छळत राहिला.

आईवरच्या तुझ्या पुस्तकात मी सव्वाशे दुरुस्त्या केल्या होत्या. एकशे चोवीस ऱ्हस्वदीर्घ नि स्वल्पविराम. आणि एक, गुपचूप: 'शेवटच्या आठवड्यात धाकटी आली नाही' ही ओळ मी उडवली. तुझ्या ते लक्षात आलं आणि तू सगळ्याच परत पाठवल्यास. बरोबरच केलंस.

पण ताई, मी आले होते. मंगळवारी, दुपारी चारला, आईच्या खोलीच्या दारापर्यंत. तू पाठमोरी, तिचे केस विंचरत होतीस. तिने विचारलं, "धाकटी आली का?" तू म्हणालीस, "येईल गं." तिचा तो एवढासा झालेला चेहरा मला बघवेना. मी परत फिरले.

एकशे चोवीस दुरुस्त्या पुन्हा पाठवते आहे. तुझी ओळ जागेवर आहे, मी हात लावलेला नाही. फक्त तिच्याखाली माझी एक घाल: 'ती दारापर्यंत आली होती.'

तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. पण या वेळी एकेक ओळ वाचून नाही म्हण.

तुझी,
धाकटी