न उलटणारं विमान

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

आशीर्वाद. द्यायची पद्धत आहे म्हणून देते. तुझं पार्सल उघडल्यापासून ते द्यावेसे वाटावेत असं काही घडलेलं नाही. आई बरी आहे. तिचे कान आता पुरते गेलेत, त्यामुळे घरात तीच एक सुखी आहे. तुझा फोटो बघून ‘वाळला’ म्हणाली. मला तरी तसं काही दिसलं नाही.

पार्सलमधून पायाची पेडल्स निघाली, वायरींचं एक जंजाळ निघालं आणि तुझी चिठ्ठी. तुमच्या कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये, त्या घरबसल्या विमान उडवायच्या खेळात, आता शेपटीला चाक असलेलं विमान घेतलंय, थेट माझ्या विमानासारखं, तर लँडिंग कसं वाटतं ते ताईने मोकळेपणाने सांगावं. इतक्या वर्षांनी बहिणीची आठवण झाली ती अशी. बरं, सांगते मोकळेपणाने.

जेवणाआधी बसले आणि मुद्दाम वाईट उतरवलं. वेग जास्त, नाक तिरकं, वारा आडवा. चाकं टेकल्या टेकल्या दोन्ही ब्रेक झुरळ चिरडावं तसे दाबले. आणि तुझं विमान काय करतं? शहाण्या बससारखं सरळ रेषेत जाऊन थांबतं. वर पडद्यावर अक्षरं येतात, ‘उत्तम लँडिंग’. हे ज्याने लिहिलं त्याला माझ्याकडे पाठव. नंतर ते थांबलेलं विमान वाऱ्याने हळूहळू कडेला सरकायला लागलं, बर्फावर ठेवलेल्या पाटासारखं. म्हणजे चाक घसरायला हवं तिथे तुम्ही डिंक लावलाय आणि रुतायला हवं तिथे लोणी.

तुला हे कळत नाही असं नाही. तुझ्या साहेबांना वाचून दाखव म्हणून लिहिते. या विमानाची मोठी चाकं पुढे असतात आणि वजन त्यांच्या मागे. मोठ्या दुकानातली सामानाची ट्रॉली उलटी धरून पळवत ढकलून बघा म्हणावं. मागचा भाग सारखा पुढे यायला बघतो. नाक जरा वळलं आणि पाय वेळेवर पडला नाही, की विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं. घाबरून ब्रेक दाबलात तर शेपूट वर आणि नाक खाली. वेग उतरतो तसा रडर, पेडलने वळणारं ते शेपटीचं सुकाणू, लुळा पडत जातो, मग ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, कधी डाव्या, कधी उजव्या. सगळी विद्या पायांत आहे. आणि तुमच्या खेळात एक बटण आहे, ते दाबलं की पाय लागतच नाहीत. ओठांशिवाय बासरी वाजवा म्हणावं एकदा.

एवढा राग कशाला, असं विचारशील. आमच्या धावपट्टीवर एक दातांचा डॉक्टर माझ्याकडे विमान शिकायला येतो. त्याच्या घरी तुमचाच सिम्युलेटर. पहिल्याच दिवशी मला म्हणाला की हे विमान त्याला येतं, फक्त कागदावर सही हवी आहे. गेल्या महिन्यात त्याने चाकं बरी टेकवली आणि मग घरी दाबतो तसे दोन्ही ब्रेक दाबले. मी मागच्या सीटवर होते. पुढचा माणूस ब्रेक दाबून बसला की मागच्याला ते सोडवता येत नाहीत, नुसतं ओरडता येतं. शेपूट वर गेली, प्रॉपेलरने धावपट्टी खाल्ली, आणि आम्ही दोघं पट्ट्यांना लटकून जमिनीकडे बघत राहिलो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला,

“घरी असं होत नाही.”

त्याला ओरखडाही आला नाही. मलाही विशेष काही नाही, घोट्याला जरा लागलं.

मला वाटतं, तू हे मुद्दाम केलंस. ऐन तरुणपणी एकदा विमान पाठीवर पाडलंस, त्यानंतर परत आत बसला नाहीस, आणि आता अक्कल खर्चून असं विमान बनवलंस जे उलटतच नाही. छान आहे. सगळ्या जगाला स्वतःसारखं खुर्चीत बसव.

तब्येतीला जप.

तुझी
ताई

•

१९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पत्र मिळालं. आई ठीक. शेजाऱ्यांनी भिंत रंगवली, तो वास अजून घरात आहे.

तुझं रडगाणं वाचलं. म्हणजे तुम्ही आधी सिम्युलेटरमध्ये खऱ्यासारखं उलटणारं विमान बनवलं होतं, ते चाचणी घेणाऱ्यांनी उलटं पाडलं, तक्रारी आल्या, आणि साहेब म्हणाले की माणूस दिवसभर ऑफिसात अपमान सोसून घरी येतो, त्याला पैसे घेऊन घरीही अपमान कशाला विकायचा. साहेबांचं डोकं चांगलं चालतं. त्यांनी मिठाईचं दुकान काढावं. आणि तू काय केलंस? मान डोलावलीस, चाकांना डिंक लावलास आणि खरं विमान कपाटात कोंडून ठेवलंस. मला वाटलं होतं तू अडाणी आहेस. तू तर जाणूनबुजून खोटं विकतोस. हे जास्त वाईट.

ते कपाटातलं विमान मला पाठवलंस ते मिळालं. ‘साहेबांना सांगू नकोस’ असं वर लिहिलंयस. मी तुझ्या साहेबांना कशाला सांगेन, मी त्यांच्याशी बोलणारसुद्धा नाही. सवडीने बघीन आणि त्यातल्या चुका काढून पाठवीन. चुका असणारच.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘ताई, घोटा कसा आहे?’ घोटा घोट्याच्या जागी आहे. तेवढ्यासाठी वेगळी ओळ खर्च करायची गरज नव्हती. प्लास्टर केव्हाच निघालं. पुढच्या आठवड्यात पायलटची वैद्यकीय तपासणी आहे, ती होईल. धावपट्टीच्या मालकाने नवा प्रॉपेलर बसवून घेतलाय आणि रोज फोन करून विचारतो, मॅडम, कधी येताय. एक नवी विद्यार्थिनी वाट बघतेय, शहरात बस चालवते. बस चालवणाऱ्यांचे पाय आळशी असतात, ते मी सरळ करीन.

अक्षर वाईट आलंय कारण टेबल हलतं. त्यावरून काही तर्क काढत बसू नकोस.

ताई

•

८ मार्च

ठोंब्या,

आई झोपली आहे. बाकी खुशाली नंतर.

तुझं ते कपाटातलं विमान चालवलं. पहिलं लँडिंग वाऱ्याशिवाय केलं, ठीक झालं, आणि मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? मग डावीकडून वारा लावला. नाक वाऱ्याकडे वळायला लागलं, उजवा पाय दिला, सरळ आलं. शेपूट अगदी आपल्या विमानासारखी अंगावर आली. हे तुला जमलंय, ते कबूल करायला मला फारसा आनंद होत नाही.

मग उजवीकडून वारा लावला. नाक उजवीकडे गेलं. डावा पाय दिला. विमान गर्रकन फिरलं, पंख जमिनीला लागला, पडदा काळा. परत केलं. परत तेच. दुपारभर तेच करत बसले. चिडून दोन पानं भरून तुझ्या चुका लिहिल्या: उजवीकडचा वारा जास्त मोजलाय, डावं पेडल अडकतं, टायर नीट बसवलेलं नाही. ती पानं तुला पाठवणार होते.

तेवढ्यात दातवाला आला. अपघातानंतर तो अधूनमधून येतो, हातात फळांची पिशवी आणि चेहऱ्यावर सुतक. मी त्याला पेडल्ससमोर बसवलं आणि तोच वारा लावून दिला, म्हटलं, बघ, हे यंत्र खोटं आहे. तो घाबरत, लटपटत, घाणेरडं उतरला. पण सरळ राहिला. मला वाटलं नशीब. त्याला पुन्हा करायला लावलं. पुन्हा सरळ राहिला. मग मी बसले आणि पुन्हा फिरले. तो माझ्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला,

“मॅडम, तुमचा डावा पाय उशिरा येतो.”

मी त्याला फळांसकट घालवलं. दुसऱ्यांच्या दातांत बोटं घालणाऱ्याने माझ्या पायाबद्दल बोलावं, असं मनात म्हणत दाराला कडी लावली. मग चप्पल काढून डोळे मिटले आणि पेनाने तळव्यावर रेघ ओढली. कुठून कुठे ओढली ते मला कळलं नाही. पेन टेकलंय हेसुद्धा कळलं नाही.

ठोंब्या, हे मला प्लास्टर निघाल्यापासून माहीत होतं. जिना उतरताना पायरी आहे की नाही ते बघावं लागतं. चप्पल वाटेत राहते आणि मी पुढे जाते. मी स्वतःला म्हणत होते, सूज आहे, जाईल. घोट्यातली नस दबली होती, ती परत येईल की नाही हे हाडांचा डॉक्टर सांगत नाही, आणि मी विचारलं नाही.

आता यातला विनोद ऐक. वैद्यकीय तपासणीत मी पास झाले. तिथला डॉक्टर म्हणाला, या रेघेवरून चाला. चालले. टाचा उचला. उचलल्या. पाय दुखतो का? नाही दुखत, ज्याला काही लागतच नाही तो दुखेल कशाने. त्याने सही ठोकली, मला ‘फिट’ म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. असले लोक सह्या करतात आणि आपण आकाशात जातो.

काल सकाळी धावपट्टीवर गेले. बसवाली बाई आधीच पुढच्या सीटवर पट्टे बांधून बसली होती, नवे बूट घालून. मालक हसत उभा होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी उजवीकडून भरून फडफडत होती. मी पंखाला हात लावून उभी राहिले आणि मालकाला म्हटलं, मी उडवणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. तो म्हणाला, सर्टिफिकेट तर आलंय, मग अडचण काय. मी म्हटलं, सर्टिफिकेटला मागे बसव. त्याला ते कळलं नाही, त्याला बहुतेक गोष्टी कळत नाहीत. बाईने वळून विचारलं, मी काही चुकले का. तिला काय सांगायचं? मी सांगितलं की शिकवणारीचा पाय मेलाय. एवढ्या मोठ्याने हे पहिल्यांदाच बोलले आणि आवाज अगदी साधा निघाला.

तेव्हा ऐक. तुझ्या कपाटातल्या विमानाने ते सांगितलं जे डॉक्टरने सांगितलं नाही आणि मी सांगू दिलं नाही. ते नसतं तर काल ती बाई माझ्यासमोर बसून उडाली असती. फुगून जाऊ नकोस. साहेबांकडे जा आणि सांग की डिंकवाल्या विमानावर ‘खेळणं’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि हे दुसरं उघड्यावर विका. ऐकलं नाही तर त्यांना माझं पहिलं पत्र दे. तेही पुरलं नाही तर मी स्वतः येते. एका पायाने मला पायलट राहता येत नाही, भांडता येतं.

आज ती बाई घरी आली होती. तिला तुझ्या विमानात बसवलं. पहिल्याच खेपेला उलटी पडली. पडदा काळा झाला तशी तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, उठून जाईल. तिने बूट काढून कोपऱ्यात ठेवले, अनवाणी पाय पेडलवर ठेवले आणि म्हणाली, “परत लावा.” मी शेजारी खुर्ची ओढली. आई आत येऊन बराच वेळ आमच्याकडे बघत उभी होती. तिला वाटलं आम्ही शिवणयंत्र चालवतोय.

एक चूक मात्र खरोखरच आहे. गवताची धावपट्टी. गवतावर विमान उसळतं तेव्हा ते मऊ उसळत नाही, आधी खालून एक आडवा धक्का बसतो, मग वर जातं. तुझ्याकडे तो धक्का नाही. तो पत्रात लिहून सांगता येत नाही, मी दोनदा लिहून खोडला. तो हातांना कळायला हवा. सुट्टी काढून ये. धावपट्टीवर बांधून ठेवलेल्या विमानाचे दोर सोडू आणि ते गवतावरून ढकलू, तू एका पंखाशी, मी दुसऱ्या पंखाशी. आत बसायचं नाही. कुणीच बसायचं नाही.

तुझ्या येण्याची आईला गरज आहे, असं लिहिणार होते. पण तिला नाही, मला आहे.

ताई