ऋतुजाचे उडीचे पट्टे

२ ऑक्टो., सोम.
दुकान उघडतेय तोच तालुक्याचे पुढारी आप्पा, त्यांचा ड्रायव्हर बाळू जीप लावून हजर. खांद्यावर मोठं काळं दप्तर असावं तसं काहीतरी, चहूकडून जाड पट्टे लोंबतायत. मशीनवर ठेवलं. "ताई, ह्ये पॅराशूटचं घट्ट करून पायजे. ऋतुजाताईचं हाय. इमानातून उडी मारायची न्हवं का!"
चेष्टा वाटली. चेष्टा नाही. १५ला आप्पांचा वाढदिवस. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत सभा घ्यायची, नंतर माणसं कुठून आणणार. लेक झेंडा घेऊन आभाळातून मैदानात उतरणार. फ्लेक्स छापायला गेलेसुद्धा.
शिरूरात जाड कामाची मशीन माझीच. रिक्षाचे हूड, ट्रॅक्टरच्या सीटा, ताडपत्र्या. म्हणून माझ्याकडे.
म्हटलं, तिला येऊ दे. अंगावर बघितल्याशिवाय मी सुई लावत नाही.

४ ऑक्टो.
ऋतुजा आली. हिचे शाळेचे फ्रॉक मीच शिवले. आता माझ्यापेक्षा उंच. बाहेरच्या राज्यात जाऊन घरी न सांगता उड्या शिकली. कळल्यावर आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. मग तिचा व्हिडिओ गावभर फिरला, लोक वाहवा करायला लागले, तेव्हा 'माझी वाघीण' झाली.
पडद्यामागं तिनं ते चढवलं. खांद्यावरून दोन पट्टे, छातीवर एक, मांड्यांना एकेक. सगळं आवळलं. "मावशी, हात घाला." मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जेमतेम जायला हवा, मूठ नाही. आणि सगळं आवळल्यावर ताठ उभं राहता येऊ नये, जरा वाकायला लागलं पाहिजे. तेव्हा ते मापाचं.
ती ताठ उभी होती. आरामात. खांद्याखाली माझी अख्खी मूठ फिरली.
"आन् सैल राहिलं तर?"
"छत्री उघडली की जोरात हिसका बसतो. त्यात खांद्यावरून पट्टा निसटला, तर..." तिनं बोट जमिनीकडं केलं.
कुणा उंच माणसाचं जुनं घेतलंय. शिकताना तिथलंच मिळायचं, मापाचं. यात खांद्यापासून मांडीपर्यंतची पट्टीच लांब आहे. ती आवळायची सोय नाही, उसवून पुन्हा शिवायची. असला दोरा मी कधी हातात धरलेला नाही. माझा दोरा ताडपत्री धरतो. माणूस धरेल?
जाताना हळूच म्हणाली, "मावशी, जमत न्हाई म्हणा."
"तूच सांग की बापाला."
"मी सांगितलं तर भ्याली म्हणतील. परत कधी उडू देणार न्हाईत. पाहुणे बघूनच ठेवलेत त्यांनी."
बाहेर बाळूनं हॉर्न वाजवला.

५ ऑक्टो.
आमचे हे आप्पांच्याच शाळेत शिकवतात. विनाअनुदानित. मान्यतेची फाइल आप्पांच्या टेबलावर. किती वर्षं, ते मोजायचं सोडलंय. जेवताना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "काहून पडतीस यात? शिवून दे, न्हाई तर परत दे. बोलू नको." परत दिलं तर बोलल्यासारखंच आहे, हे त्यांनाही कळतं. भाकरी तशीच ठेवून उठले.

७ ऑक्टो.
बाळूला सांगितलं, जमत नाही. ज्यांनी बनवलं त्यांच्याकडेच पाठवावं लागेल.
तासाभरात आप्पांचा फोन. आवाज गोड. "वंदनाताई, आख्ख्या तालुक्यात तुमच्या हाताला तोड न्हाई. पोरीचं काम हाय, करा. सरांच्या फाइलचं मी बघतोयच की."
फोन ठेवला. शटरच्या बाहेर जाऊन उभी राहिले. समोरच फ्लेक्स: ऋतुजा हसतीये, मागं ढग.

९ ऑक्टो.
काल दिवसभर ते टेबलावर. येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो. विहारातल्या बायकापण विचारतात, आप्पांच्या लेकीचं काम घेतलंस म्हणे, नशीब काढलंस.
ऋतुजाचा फोन. आवाज दबलेला. तिला शिकवणाऱ्या सरांनी साफ सांगितलंय, हे घालून उडायचं नाही. तिनं ते आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, फ्लेक्स लागलेत.
"मग न्हाई म्हण. हात धरून इमानात बसवतील का?"
"बसवतील असं न्हाई. मीच बसंल. सगळे बघत असले की मला न्हाई म्हणता येत न्हाई, मावशी."

१० ऑक्टो.
बाळू. "शिवलं का?" नाही. "मग द्या इकडं. बीडला बूट शिवणारा हाय एक, दुपारपतूर मारून देतो म्हणला."
म्हटलं, थांब, बघते एकदा. चहा घेऊन ये तोवर.
तो टपरीवर गेला. मोठी कात्री घेतली, उजव्या मांडीचा पट्टा बक्कलजवळ धरला आणि कापला. एका दमात नाही कापला गेला. लई चिवट. दोन्ही हातांनी दाबत, दात खाऊन. कुणालाही लांबून दिसावा असा आरपार.
बाळू आला तर मी टोकं हातात घेऊन बसलेली. "मशीनमध्ये अडकला, काढायला गेले तर..."
त्यानं माझ्याकडं बघितलं. मशीनवर कव्हर तसंच होतं.
"ताई," एवढंच म्हणाला. चहा ठेवून गेला.

११ ऑक्टो.
आप्पांनी यांना ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. "बाईंना म्हणावं, हात जपून चालवा." फाइल टेबलावरून कपाटात गेली. कुलूप.
हे घरी येऊन बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले ते दिवा लागेपर्यंत. मी विचारलं, चिडलात का. "न्हाई. मला विचारलं असतंस तर मी नको म्हणलो असतो. म्हणून न्हाई विचारलंस." खरं आहे.

१५ ऑक्टो., रवि.
सभेला गेलो. न जाऊन सांगणार काय. ऋतुजा साडीत, उघड्या जीपमध्ये आप्पांच्या शेजारी. विमानाचं नाव कुणी काढलं नाही. स्टेजवरून एका पाहुण्यांची ओळख करून दिली, मुलगा इंजिनिअर. टाळ्या. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. धन्यवादाचं बघणं नव्हतं ते.

१८ ऑक्टो.
ब्लाउजच्या निमित्तानं आली. बाळू बाहेर जीपमध्ये. पडदा ओढला आणि फुटली. "न्हाई एवढंच म्हणायचं होतं तुमी. कापलं काहून?"
"न्हाई म्हणलं होतं. ऐकलं का कुणी?"
आप्पा म्हणालेत, झालं तेवढं पुरे, ते धूड फेकून द्या. दिवाळीनंतर सुपारी.
मी ते फेकलं नव्हतं. माळ्यावर होतं. दाखवल्यावर कापलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, हे दुरुस्त करता येतं. तिच्या सरांच्या ओळखीचा एक कारागीर आहे, त्याच कामाचा. पट्टा बदलून देईल, लांब पट्टीही तिच्या मापाची करून देईल. घरून पाठवता येत नाही, सगळं बाळूच्या हातून जातं. "तुमच्या नावानं पाठवाल?"
मी तिचं माप घेतलं. हो म्हटलं नाही.

१९ ऑक्टो.
यांना सांगितलं. "आता तरी गप ऱ्हा. दिवाळीनंतर फाइल काढू म्हणलेत." आधी ते माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हते.
मीच तिला अडकवलं का? जिवंत आहे, हे खरं. पण घरात बसवली ती माझ्याच कात्रीनं.

२० ऑक्टो., शुक्र.
संध्याकाळी ते गोणपाटात शिवलं, चौकोनी गठ्ठा. कुरियरवाल्याकडे निघणार तोच बाळू, जीपच्या सीटचं माप द्यायला. गठ्ठ्यावर हात. "ह्ये काय, ताई?"
तोंडातून निघालं, गादी. बहिणीच्या नातवाची. चकलांब्याला पाठवायचीय.
"मंग द्या की! सकाळी तिकडंच चाललोय. लवकर येतो, तयार ठिवा."
तो जाईपर्यंत कुरियरवाल्यानं बंद केलं होतं, आता सकाळी अकराला उघडतो.
घरी येऊन यांना सांगितलं. वाटलं, आता बोलतील, आणि बोलले तर ऐकायची माझी तयारी होती. हे उठले, चप्पल घातली. दारात उभं राहून म्हणाले, "सकाळी बाळूला द्यायच्या गादीला कापूस किती लागंल?"